पाण्याची परतवाट

थंडीने लोखंडी नळ फुटतो, असे झाईत कोणाला सांगितले तर ऐकणारा सौजन्याने मान हलवतो आणि मासळीच्या भावाकडे वळतो. त्यात त्याचा काही दोष नाही. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरचे हे उत्तरेकडचे शेवटचे गाव. खाडी ओलांडली की गुजरात, आणि दक्षिणेला बोर्डीपर्यंत सुरूची बने व चिकूच्या वाड्या. पौष-माघातल्या एखाद्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या खाली उतरला तरी आमच्याकडे कानटोप्या बाहेर निघतात आणि ओट्यासमोर शेकोटी पेटते. नळाचा आमच्याकडचा शत्रू निराळा आहे. खाऱ्या वाऱ्याने पाइपावरचा जस्ताचा मुलामा हळूहळू झडतो, आट्यांच्या मुळाशी तांबूस पापुद्रे धरतात, आणि काही वर्षांनी एखादा वॉशर बदलण्यासाठी पाना लावावा तो पाइपच सांध्यापाशी तुटून हातात येतो. हे मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु ज्या विद्येवर माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली, आणि निवृत्तीनंतर जिचा कोणास काडीइतका उपयोग होईल अशी माझी अपेक्षा उरली नव्हती, ती या खाऱ्या हवेतली नव्हे. ती समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेह गावात, हिवाळ्यातल्या उणे वीस अंशांच्या रात्रींनी आणि तेथल्या एका वृद्ध मिस्त्रीने मला शिकवली.

बोर्डीच्या शाळेत शिकून, मुंबईस स्थापत्याची पदविका घेऊन मी सरकारी बांधकामाच्या नोकरीत रुजू झालो, तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण होण्यास (तो २०१४ साली झाला) बराच अवकाश होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बदलीचा हुकूम आला तो थेट लडाखचा. श्रीनगरहून जोजिला ओलांडून तिकडे जाणारा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली बंद असे. त्यामुळे सामानाची मागणी ज्या मोसमात करावयाची त्या मोसमात ती राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसत्या पत्रव्यवहारावर समाधान मानावे लागे. कर्मचाऱ्यांच्या एका वसाहतीचा पाणीपुरवठा आणि नळांची दुरुस्ती हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. माझे शिक्षण त्या कामास पुरेसे आहे असा वरिष्ठांचा समज होता आणि कागदोपत्री तो खराही होता. उद्भव, पंप, उंच टाकी, मुख्य नलिका, उपनलिका, घरजोडणी, हा पाण्याचा एकाच दिशेचा प्रवास आम्हांस उत्तम शिकवलेला होता. मात्र घरात पोहोचलेले पण वापरले न गेलेले पाणी रात्रभर नळात कसे थांबते, हा प्रश्न मुंबईच्या वर्गात कोणी उपस्थित केला नव्हता, कारण मुंबईत तो प्रश्नच नाही.

लेहमधला माझा पहिला फुटका पाइप मला त्याच्या सर्व तपशिलांसह आठवतो. अर्ध्या इंचाचा, साधा लोखंडी, जस्त चढवलेला. लांबीच्या जोडरेषेवर वीतभर उसवलेला, कडा बाहेरच्या अंगास वळलेल्या, आणि आतली जस्ताची पांढुरकी झिलई अद्याप शाबूत. मला नवल वाटले ते फाटण्याचे नव्हे, फाटण्याच्या जागेचे. हा पाइप स्वयंपाकघरातल्या आतल्या भिंतीवर होता, जेथे बुखारीची, म्हणजे तिकडच्या शेगडीची, ऊब दिवसभर पोहोचत होती आणि जेथे बर्फाचा मागमूसही नव्हता. बर्फ सापडला तो तेथून सात-आठ फूट अलीकडे, उत्तरेच्या भिंतीला भोक पाडून पाइप जेथून घरात आणला होता आणि ते भोक सिमेंटने नीट बुजवण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते तेथे. त्या फटीतून येणारा वारा हाताला सुईसारखा लागत होता. म्हणजे गोठला एकीकडे आणि फुटला दुसरीकडे. आमचे मिस्त्री, ज्यांना सर्व वसाहत आजोबा या अर्थी आदराने ‘मेमे-ले’ म्हणे, त्यांनी फुटका तुकडा हातात फिरवून पाहिला, भिंतीवरच्या तोटीकडे बोट दाखवले आणि ‘नल बंद था, साब’ एवढेच बोलून ते पुढच्या घराकडे चालू लागले.

त्या चार शब्दांचा अर्थ पुरता ध्यानात यायला मला तो हिवाळा लागला. पाणी थंड होता होता चार अंशांपर्यंत आकसते, तेथून पुढे प्रसरण पावू लागते, आणि बर्फ होताना त्याचे आकारमान जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळेतले ज्ञान सर्वांनाच असते. आणि त्यावरून बर्फ आतून रेटतो व पाइप फाटतो, असे अनुमान बहुतेकजण करतात. प्रत्यक्षात बर्फाला पाइपाच्या लांबीने सरकण्यास वाव असतो व तो तसा सरकतोही. बर्फाचा बोळा एकदा पाइपात आडवा बसला आणि वाढू लागला, की तो पुढचे पाणी तोटीकडे ढकलतो. तोटी बंद असेल तर बोळा आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर, जे स्वतः गोठलेले नाही, इतका दाब चढतो की जेथे कोठे पाइप दुबळा असेल तेथे तो फाटतो. मागाहून बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आले की, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या इमारत-संशोधन विभागाने १९९० च्या दशकात पोटमाळ्यावर पाइप टांगून प्रयोग केले, तेव्हा त्यांसही हेच आढळले. उघड्या, न गुंडाळलेल्या पाइपाच्या बाबतीत बाहेरचे तपमान उणे सात अंशांच्या खाली गेले की सावध व्हावे, असा आकडाही त्यांनी काढून दिला. लेहमध्ये उणे सात ही नोव्हेंबरातल्या रात्रीची गोष्ट.

याचा व्यवहारातला निष्कर्ष असा निघतो की, नळातले पाणी एकतर वाहते ठेवावे, नाहीतर ते नळात मुळी ठेवूच नये. थांबलेले आणि कोंडलेले पाणी ही एकच अवस्था घातक. झाईच्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसास हे समजायला जड जाऊ नये. भरतीबरोबर आत आलेले पाणी ओहोटीला निघून जाते आणि होड्या चिखलात तिरप्या पडून राहतात, हा आमच्या दारातला रोजचा व्यवहार, आणि होड्या नांगरणारा प्रत्येक मांगेला मच्छीमार पाणी येण्याच्या वेळेइतकाच ते जाण्याच्या वेळेचा हिशेब करीत असतो. पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात मात्र ओहोटीची तजवीज नसते, आणि माझी लेहमधली नोकरी एका वाक्यात सांगावयाची तर ती नळांना ओहोटी लावून देण्याची होती.

हे काम जमिनीखालून सुरू होते. लेहमध्ये पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पडते, म्हणजे आमच्याकडे आषाढातल्या एका दिवसात पडावे इतके. आणि बर्फाचा थर हा जमिनीवर पांघरुणासारखे काम करीत असल्यामुळे, जेथे बर्फ थोडा तेथे जमीन उघडी पडून थंडी खोलवर उतरते. लडाखातल्याच द्रासला बर्फ रगड, म्हणून तेथली जमीन त्या पांघरुणाखाली त्या मानाने ऊब धरून असते. लेहला ते सुख नाही. शिवाय जेथून माणसे व गाड्या जातात आणि बर्फ तुडवला किंवा बाजूला लोटला जातो, त्या वाटेखाली थंडी आणखी हातभर खाली जाते, त्यामुळे रस्ता ओलांडणारा पाइप हा नेहमीच पहिला बळी. आम्ही चर पाच फूट खोल घेत असू, रस्त्याखाली त्याहून अधिक. ती जमीन म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेले गोल धोंडे आणि मधून मधून भरड वाळू. पहारीने एक धोंडा उपटावा तो शेजारचे दोन चरात कोसळावेत. उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत हे सर्व उरकावयाचे, म्हणून मुकादम पहाटे हजेरी घेत असे आणि दुपारच्या वाऱ्यात डोळ्यांत रेती जाऊ लागली की काम तहकूब होई.

परंतु नुसत्या खोलीने भागत नाही, कारण पाइप कोठेतरी वर येऊन घरात शिरणारच. तेथे सर्व भिस्त उतारावर. घरातली प्रत्येक शाखा आत शिरण्याच्या जागेकडे उतरती हवी, आणि त्या सर्वांत खालच्या बिंदूवर, थंडीच्या मर्यादेच्याही खाली, हौदात असा कॉक हवा की जो फिरवून बंद केला असता मागचे पाणी अडते आणि घराकडचे पाणी त्याच्याच कुशीतल्या बारीक छिद्रातून निथळून खडीत जिरून जाते. हौदाला दुहेरी लाकडी झाकण, दोन फळ्यांच्या मध्ये गवत दाबून भरलेले. ऐकायला हे सोपे आहे. करताना मात्र भिंतीवरच्या दोन पकडींच्या मध्ये पाइपाला बोटभर झोळ राहतो, आणि त्या झोळात वाटीभर पाणी साचून राहते, आणि ते वाटीभर पाणी जानेवारीत सर्व श्रमांवर पाणी फिरवते. मेमे-ले उतार डोळ्यांनी मोजत नसत. पारदर्शक रबरी नळीत पाणी भरून तिची दोन टोके पाइपाच्या दोन टोकांशी धरावयाची, आणि दर दहा फुटांस इंचभर उतार पडल्याखेरीज पकडीचा खिळा ठोकावयाचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. दुसरा शिरस्ता असा की, खालचा कॉक निथळायला लावण्यापूर्वी घरातली सर्वांत उंचावरची तोटी उघडायची. वरून हवा आत गेल्यावाचून खालून पाणी बाहेर पडत नाही. नवशिका गवंडी हे विसरतो आणि पाइप रिकामा झाला अशा समजुतीने निश्चिंत झोपतो.

या कॉकांची आणि हौदांची खर्चाची तपशीलवार मागणी जेव्हा मी वर पाठवली, तेव्हा मैदानी प्रदेशातल्या एका कचेरीतून ती तांबड्या शाईच्या शेऱ्यासह परत आली. शेरा असा की, पाणीपुरवठ्याच्या कामात पाणी सोडून देण्याची साधने समाविष्ट करण्याचे प्रयोजन कळवावे. शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांची मला कीवही आली आणि हसूही आले, कारण त्यांचा प्रश्न तर्कदृष्ट्या निर्दोष होता; ज्याने पाणी फक्त येतानाच पाहिले आहे त्याने दुसरे काय विचारावे? मी उत्तरादाखल दोन पाने लिहिली, आणि उसवलेल्या पाइपाचा हातभर तुकडा गोणपाटात शिवून कागदांसोबत रवाना केला. मंजुरी आली. तुकडा काही परत आला नाही. भांडाराच्या नोंदवहीत तो अद्याप येणे दिसत असावा.

दिवाळीच्या सुमारास वसाहतीची फेरी सुरू होई. घरोघर जाऊन बागेचा नळ सुटा करायचा, फ्लशच्या टाक्या उपसायच्या, मोरीच्या पाणसापळ्यातले पाणी काढायचे (हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि फुटते ते पुष्कळदा तेच), उघड्यावरच्या पाइपाला नमद्याच्या पट्ट्या गुंडाळून वर डांबरी कागद बांधायचा. गुंडाळण्याविषयी लोकांच्या कल्पना फार भाबड्या असतात. नमदा असो की काचेचा कापूस, ते ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब निघून जाण्यास फक्त विलंब लावते. पाणी वाहते असेल तर हा विलंब अमूल्य आहे, आणि पाणी रात्रभर निश्चल असेल तर जे मध्यरात्री व्हायचे ते पहाटे होते, एवढाच फरक. त्यात तो नमदा ओला झाला तर त्याची किंमत शून्य. खरा लाभ भोके बुजवण्याने होतो: भिंतीतली फट, दाराखालची फट, पोटमाळ्याची फट. पाइपाला स्थिर हवेच्या थंडीपेक्षा वाऱ्याचा झोत अधिक बाधतो.

आमच्या शेजारी एक लडाखी कुटुंब राहत असे. घरातल्या वृद्ध आमा-लेंच्या स्वयंपाकघरात नळ नव्हता आणि तो घ्यावा अशी त्यांची इच्छाही नव्हती. चुलीच्या मागे मोठमोठी तांब्याची भांडी मांडलेली, तोंडाशी रुंद. कडाक्याच्या रात्री वर बर्फाची साय धरली तरी ओगराळ्याने फोडून खालचे पाणी घ्यावे, भांड्याला काही होत नाही, कारण बर्फाला वर चढायला जागा मोकळी आहे. शौचकूप कोरडे, वर माती टाकायची, उन्हाळ्यात त्याचेच खत शेतात. त्या घरात थंडीने फुटण्यासारखी वस्तूच नव्हती. आम्ही नळ नेला, त्यामागोमाग फ्लश नेला, १९७४ मध्ये लडाख परदेशी प्रवाशांना खुले झाल्यानंतर पाहुणेघरे वाढली तेव्हा गरम पाण्याच्या टाक्याही आल्या, आणि ज्या उपाधी त्या प्रदेशात नव्हत्या त्यांच्या निवारणासाठी माझ्यासारख्यांच्या नेमणुका झाल्या. नळ नको होता असे मी म्हणणार नाही. उणे वीस अंशांत झऱ्यावरून पाणी वाहणाऱ्या बायकांची बोटे ज्याने पाहिली आहेत त्याला तसे म्हणवणार नाही. पण जेथे नळ न्यायचा तेथे आमा-लेंच्या भांड्याचे शहाणपण त्याच्या रचनेत आधी उतरवले पाहिजे.

जेथे निथळण्याची सोय नव्हती अशा जुन्या घरांतून दुसरा मार्ग उरे, तो म्हणजे तोटी रात्रभर उघडी ठेवण्याचा. जमिनीखालून येणारे पाणी शून्याच्या चार-पाच अंश वर असते, ते सतत येत राहिले की आपल्यासोबत थोडी ऊब आणते. आणि तरीही बोळा धरलाच तर तोटी उघडी असल्यामुळे पुढच्या पाण्यावर दाब चढत नाही. मात्र धार पेन्सिलीच्या जाडीची तरी हवी. थेंबथेंब सोडले तर सांडपाण्याच्या नळीत ते पसरून गोठते, थरावर थर चढतो, आणि सकाळी मोरी तुंबून घरात घसरगुंडी तयार होते. पाण्याची ही उधळपट्टी मला मुंबईकर वृत्तीने फार खुपत असे. त्याच लेहमध्ये त्याच उधळलेल्या पाण्याकडे एक स्थापत्य अभियंते निराळ्या नजरेने पाहत होते, हे मला पुढे कळले. चेवांग नॉरफेल यांनी असे पाहिले की, पाइप फुटू नये म्हणून हिवाळ्यात चालू सोडलेल्या नळाचे पाणी झाडांच्या सावलीत संथ पसरून गोठते आणि साचते, तर जवळच्याच ओढ्यातले वेगाने धावणारे पाणी न गोठता नदीत निघून जाते. लडाखचा शेतकरी पेरणीसाठी वसंतात पाण्याची वाट पाहतो आणि उंचावरच्या हिमनद्या वितळू लागतात त्या उन्हाळा तापल्यावर. तेव्हा हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीतल्या उतारांवर बांध घालून संथ करावे, गोठवावे, म्हणजे ते खालच्या उंचीवर असल्याकारणाने लवकर वितळून वेळेवर शेतात येईल, ही त्यांची कल्पना. १९८७ साली फुक्त्से गावी त्यांनी असा पहिला कृत्रिम हिमसाठा उभारला. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गळणाऱ्या तोटीखाली मी बादल्या लावीत होतो, तेव्हा तीच तोटी पाहून एका माणसाला शेती दिसली. असो.

एवढे करूनही पाइप गोठतच. तेव्हा फुटण्याआधी तो वितळवायचा, आणि येथे घाई सर्वांत महाग पडते. घरमालकाचा पहिला विचार पेटत्या बोळ्याचा किंवा रॉकेलच्या दिव्याचा असतो. लेहच्या घरांची छते पॉपलरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या पसरून केलेली, वाळून कोळ झालेली. एक ठिणगी उडाली तर पाइप वाचवण्याच्या नादात घर जायचे. ज्योतीचा आणखी एक धोका असा की, दोन बोळ्यांच्या मधले पाणी एकाएकी उकळून वाफ कोंडली तर पाइप तोंडावर फुटतो. मेमे-लेंची रीत अशी: तोटी पुरी उघडायची, गरम पाण्यात फडकी भिजवून, पिळून (त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते, म्हणून किटली चुलीवरून उतरवल्याबरोबर) ती पाइपाला गुंडाळायची, आणि आरंभ तोटीकडून करून हळूहळू उगमाकडे सरकायचे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला पुढे वाट मोकळी मिळते. भिंतीला कान लावून ते ऐकत. आधी काहीच नाही, मग आत कोठेतरी खडखड, मग तोटीतून खोकल्यासारखा आवाज, दोन-चार बर्फाचे खडे, गढूळ पाणी, आणि शेवटी धार. पाणी आले की सर्वजण हसू लागत आणि मेमे-लेंना लोणी-मिठाचा चहा मिळे. ते मात्र चहा घेण्यापूर्वी पाइपावरून एक कोरडे फडके शेवटपर्यंत फिरवून घेत, कारण फुटलेला पाइप जोवर गोठलेला असतो तोवर गळत नाही. गळती कळते ती बर्फ वितळल्यावर.

निवृत्त होऊन झाईस परत आल्यावर मी जुन्या घराची नळजोडणी नव्याने करून घेतली आणि सवयीने तिला उतार दिला, खालच्या कोपऱ्यात निथळण्याचा कॉक बसवला. उंबरगावहून आलेल्या प्लंबरने, ‘काका, ही चावी कशाला?’ म्हणून विचारले. मी काही समजावण्याच्या भरीस पडलो नाही. तिचा थोडा उपयोग झालाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांचे सत्र सुरू झाले. आमच्या किनाऱ्यापर्यंत त्यांची थरथर येई, आणि रात्रीच्या धक्क्यानंतर सांधे तपासण्यासाठी घरातले सर्व पाणी एका चावीने काढून घेता येणे ही मोठी सोय वाटे. पण त्या विद्येचा खरा कस लागला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि तोही टेक्सासमध्ये.

माझी भाची डॅलसजवळच्या एका उपनगरात राहते. एरवी तिकडचा उन्हाळा आमच्या वैशाखाला लाजवील असा, म्हणून घरे बांधली जातात ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून: पाण्याचे पाइप आणि पुष्कळदा गरम पाण्याची टाकीसुद्धा छपराखालच्या पोटमाळ्यावर, बाहेरच्या भिंती पातळ, बागेतल्या तोट्या उघड्या. त्या आठवड्यात उत्तरेकडून शीतलहर आली, वीजपुरवठा कोलमडला, लाखो घरे काळोखात गेली, आणि १६ फेब्रुवारीच्या सकाळी डॅलसच्या विमानतळावर पारा उणे एकोणीस अंशांपर्यंत उतरला. लेहचा हिवाळा, पण लेहची बुखारी नाही. त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळ असता तिचा फोन आला.

‘मामा, वीज गेलीय, वरच्या बाथरूमचा नळ बारीक झालाय. तू ते लडाखचं काय सांगायचास?’

ती लहान असताना माझ्या या गोष्टी ऐकून झोपी जात असे, त्यामुळे तिला एवढे आठवले हेच पुष्कळ होते. मी तिला आधी टब, पातेली, डबे, जे सापडेल ते पाण्याने भरून घ्यायला सांगितले. मग घराची मुख्य चावी कोठे आहे ते विचारले. ती तिला ठाऊक नव्हती, आणि जगातल्या शंभरांतल्या नव्वद गृहिणींना व पंच्याण्णव गृहस्थांना ती ठाऊक नसते असे माझे मत आहे. भाचेजावई टॉर्च घेऊन बाहेर गेले. रस्त्याकडेला जमिनीत मीटरच्या पेटीचे झाकण बर्फाखाली गेलेले, ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या उलथन्याने उचकटून काढले.

‘मामा, झाकण उघडलं, पण आत चिखल आहे. दोन चाव्या दिसतायत, तुम्ही सांगा कुठली.’

झाईच्या ओट्यावर बसून, शेजारी बोंबलाचा वास येत असताना, टेक्सासच्या चिखलातली चावी ओळखण्याचा प्रसंग कोणावर कधी आला नसेल. मीटरच्या घराकडील बाजूची चावी पान्याने पाव फेरा फिरवली. आत येणारे पाणी थांबले. मग गीझरचा गॅस बंद, सर्वांत वरच्या तोट्या उघड्या, नंतर अंगणातली सर्वांत खालची तोटी उघडी, प्रत्येक फ्लश एकदा दाबून टाकी रिकामी. वरून हवा, खालून पाणी. फोन कानाशी तसाच धरून मी विचारीत राहिलो, आणि अंगणातली धार बारीक होत होत थांबली असे जेव्हा तिने सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मेमे-ले निश्चितपणे येऊन गेले.

त्या घराचे नुकसान झाले नाही. शेजारच्या घरात, जेथे पाणी बंद करणे राहून गेले होते, वीज परत आली, घर तापले, आणि दोन तासांनी बैठकीच्या खोलीचे छत भिजून खाली आले. बर्फाने अडवून ठेवलेले पाणी उबेने मोकळे केले. माझ्या भाचीला मी बजावून ठेवले होते की, पुरवठा सुरू करताना आधी सर्व तोट्या बंद कराव्यात, मुख्य चावी केसाएवढी उघडावी, एकाने चावीपाशी आणि एकाने घरात पोटमाळ्याखाली कान देऊन उभे राहावे, आणि हे सर्व दिवसाउजेडी करावे. तिने तसे केले. त्यानंतर मुख्य चावीच्या पेटीवर एक लाल खांब रोवला आणि चावी फिरवण्याचा लांब दांड्याचा पाना दाराच्या मागे टांगून ठेवला. तो आता सर्व गल्लीत फिरतो आणि दरवर्षी शोधून आणावा लागतो.

येत्या डिसेंबरात ती मुलांना घेऊन महिनाभर झाईला यावयाची आहे. रिकामे घर थंडीत सोडून निघण्यापूर्वी काय काय करायचे याची यादी तिने यंदा मला न विचारता स्वतः तयार केली आणि नुसती नजरेखालून घालण्यासाठी पाठवली: मुख्य चावी, गीझर, बागेच्या तोटीची रबरी नळी, पोटमाळा, घरातले तपमान तेरा अंशांच्या खाली जाऊ न देण्याची सोय, आणि किल्ली एका शेजाऱ्याकडे. यादी चोख होती. फ्रिजच्या मागून बर्फ बनवण्याच्या यंत्राला जाणारी बोरूएवढी बारीक नळी तेवढी तिच्यात राहिली होती, ती मी उलट टपाली कळवली.